नॅनोसेकंदाचा टाइमस्टॅम्प: आधी घड्याळ ठरवा, मग भाषा

प्रश्न थोडक्यात असा. पायथॉनमधली एक सेवा सेन्सरकडून येणारे संदेश घेते आणि प्रत्येकावर टाइम.टाइम() ची वेळ टाकते. विंडोजवर चालवली की ओळीने कितीतरी नोंदींवर तोच टाइमस्टॅम्प येतो. लिनक्सवर तसं होत नाही, पण अधूनमधून नंतरच्या नोंदीची वेळ आधीच्या नोंदीच्या मागे जाते. पुढे दुसऱ्या मशीनवरची जावाची सेवा हे संदेश उचलते, स्वतःच्या वेळेतून संदेशाची वेळ वजा करून विलंब काढते आणि तो कधीकधी ऋण येतो. मग नॅनोसेकंदापर्यंत अचूक वेळ कोणत्या भाषेत मिळेल आणि कशी?

भाषा बदलून यातलं काहीच सुटणार नाही. पायथॉन, जावा, गो, सी++ कोणीही स्वतःचं घड्याळ बाळगत नाही. सगळ्या भाषा ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतात आणि ती प्रोसेसरमधल्या एका काउंटरला विचारते. तुमच्याकडे तीन वेगळे प्रश्न एकाच आकड्यावर लादले गेले आहेत: घटना कधी घडली, दोन घटनांमध्ये किती वेळ गेला, आणि आधी कोणती घडली. पहिल्याचं उत्तर भिंतीवरच्या वेळेत (तारीख-वेळ सांगणाऱ्या नेहमीच्या घड्याळात) आहे, दुसऱ्याचं फक्त पुढेच जाणाऱ्या काउंटरमध्ये, म्हणजे मोनोटॉनिक घड्याळात, आणि तिसऱ्याचं बहुतेक वेळा घड्याळात नसतंच. किती अंक दिसतात आणि किती अंक खरे आहेत या दोन गोष्टीही सुरुवातीलाच वेगळ्या ठेवा. दशांश चिन्हापुढे नऊ अंक छापणारं घड्याळ चार मिलिसेकंदांनी चुकलेलं असू शकतं.

विंडोजपासून सुरुवात करू, कारण तिथलं कारण अगदी स्वच्छ आहे. पायथॉन ३.१२ पर्यंत विंडोजवर टाइम.टाइम() ज्या सिस्टिम कॉलवर उभं होतं, त्याची वेळ घड्याळाच्या टिकसरशी पुढे सरकते आणि ते टिक सेकंदाला ६४ असतात. म्हणजे १५.६२५ मिलिसेकंद आकडा जागचा हलत नाही. तेवढ्यात वीस संदेश आले तर विसांवरही एकच वेळ पडणार. छापलेले सहा अंक पाहून हे लक्षात येत नाही. विंडोज ८ पासून गेटसिस्टिमटाइमप्रिसाइजअ‍ॅझफाइलटाइम नावाचा कॉल आहे, तो एका मायक्रोसेकंदापेक्षा बारीक वेळ देतो. पायथॉन ३.१३ पासून टाइम.टाइम() तोच वापरतं, त्यामुळे सोपा उपाय म्हणजे आवृत्ती वर नेणं. ते जमत नसेल तर सीटाइप्समधून (सिस्टिमची फंक्शनं थेट बोलावू देणारं पायथॉनचं मॉड्यूल) तो कॉल थेट करा. मिळणारा आकडा १ जानेवारी १६०१ पासूनच्या १०० नॅनोसेकंदांच्या एककांत असतो. त्यातून ११६४४४७३६ आणि त्यापुढे नऊ शून्यं असा आकडा वजा करून १०० ने गुणलं की १९७० पासूनचे नॅनोसेकंद मिळतात.

विंडोजवर आणखी एक खाच आहे. ३.१३ च्या आधी तिथे टाइम.मोनोटॉनिक() सुद्धा त्याच १५.६ मिलिसेकंदांच्या पावलांनी चालायचं. त्यामुळे कालावधी मोजायला तिथे टाइम.पर्फ_काउंटर_एनएस() घ्या, ते क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटरवर चालतं. विंडोज १० आणि पुढे या काउंटरची वारंवारता बहुतेक मशीनवर १ कोटी हर्ट्झ दिसते, म्हणजे एक पाऊल १०० नॅनोसेकंदांचं. फंक्शनच्या नावात एनएस आहे म्हणून शेवटचे दोन अंक खरे होत नाहीत.

आता फ्लोटबद्दल. टाइम.टाइम() ६४ बिटांचा फ्लोट (अपूर्णांकासह साठवलेली संख्या) देतं आणि त्यात अपूर्णांकासाठी ५२ बिट असतात. १९७० पासूनचे सेकंद आता १७० कोटींच्या वर गेलेत, म्हणजे २ च्या ३० व्या आणि ३१ व्या घाताच्या मधे. त्या पट्ट्यात शेजारच्या दोन फ्लोटमधलं अंतर २ च्या उणे २२ व्या घाताएवढं, साधारण २३८ नॅनोसेकंद असतं. घड्याळ कितीही बारीक असलं तरी हा फ्लोट त्याहून बारीक काही साठवू शकत नाही. म्हणूनच २०१८ मध्ये पायथॉन ३.७ मध्ये टाइम.टाइम_एनएस() आलं, ते पूर्णांक देतं. पण तो पूर्णांक पुढच्याच ओळीत १ अब्जाने भागून डेटटाइमला दिलात तर सगळी मेहनत वाया. भागाकार फ्लोट बनवतो आणि डेटटाइम मुळातच मायक्रोसेकंदाच्या खाली जात नाही. डिव्हमॉडने (भागाकार आणि बाकी एकदम देणारं फंक्शन) सेकंद आणि उरलेले नॅनोसेकंद वेगळे काढा आणि छापायच्या क्षणापर्यंत पूर्णांकच राहू द्या.

लिनक्सवर वेळ मागे का जाते? दोन कारणं आहेत आणि दुसऱ्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

पहिलं कारण म्हणजे क्लॉक_रिअलटाइम हे भिंतीवरची वेळ देणारं घड्याळ दुरुस्त केलं जातं. एनटीपीडीला (नेटवर्कवरच्या सर्व्हरशी वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) फरक लहान दिसला तर तो घड्याळाची गती किंचित बदलून, सेकंदाला जास्तीत जास्त अर्ध्या मिलिसेकंदाने भरून काढतो. १०० मिलिसेकंदांचा फरक असा संपायला २०० सेकंद लागतात. फरक १२८ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला तर मात्र वेळ एका उडीत बदलली जाते, आणि उडी मागेही असू शकते. क्रोनी हा दुसरा प्रोग्रॅम त्याच्या मेकस्टेप ओळीत लिहिलं असेल तसा वागतो. ‘मेकस्टेप १.० ३’ याचा अर्थ पहिल्या तीन दुरुस्त्यांमध्ये फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तरच उडी मारायची. व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं तरी असे धक्के बसतात. लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ ठेवायला घड्याळात घातलेला जादा सेकंद, हाही याच घरातला. १९७२ पासून असे २७ सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. त्या रात्री क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस सेवेत दोन वेळांची वजाबाकी ऋण आली, ती ऋण संख्या न स्वीकारणाऱ्या रँडम फंक्शनकडे गेली आणि प्रक्रिया कोसळल्या. तो कोड गो भाषेतला होता. २०१७ च्या गो १.९ पासून टाइम.नाउ() च्या पोटात भिंतीवरच्या वेळेसोबत मोनोटॉनिक आकडाही ठेवला जातो आणि वजाबाकी त्यावर होते. पण ती वेळ जेसनमध्ये लिहून परत वाचली की मोनोटॉनिक भाग गळून पडतो. हे माहीत नसलं की तीच चूक पुन्हा दारात उभी राहते.

दुसरं कारण थ्रेड. एक थ्रेड वेळ वाचतो, रांगेत नोंद टाकण्याआधी शेड्यूलर त्याला थांबवतो, तेवढ्यात दुसरा थ्रेड वेळ वाचून नोंद टाकूनही मोकळा होतो. दोन्ही टाइमस्टॅम्प बरोबर आहेत, फाइलमधला क्रम मात्र उलटा. पायथॉनमध्ये हे जास्त ठळक दिसतं, कारण नेहमीच्या पायथॉनमध्ये जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं कुलूप) एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे जायची ठरलेली मुदत ५ मिलिसेकंद आहे. हातात भरपूर काम असलेला थ्रेड तेवढा वेळ इतरांना ताटकळत ठेवू शकतो. घड्याळ कितीही चांगलं आणलं तरी हा दोष जाणार नाही. वेळ वाचणं, क्रमांक एकने वाढवणं आणि रांगेत टाकणं ही तिन्ही कामं एकाच लॉकखाली करा. क्रम लावायचा तो त्या क्रमांकाने, टाइमस्टॅम्पने नाही. टाइमस्टॅम्पला प्राथमिक की करण्याचा मोहही आवरा. आज दोन नोंदी एका नॅनोसेकंदात येत नसतील, पण घड्याळ मागे सरकलं की जुना आकडा पुन्हा येतो.

याला जोडूनच माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. वेळ कोणत्या घड्याळातून घेता यापेक्षा ती कोणत्या ठिकाणी घेता याने जास्त फरक पडतो. संदेश नेटवर्क कार्डावर आला, कर्नलने तो बफरमध्ये ठेवला, तुमची प्रक्रिया जागी झाली, जीआयएल मिळालं, पार्सिंग झालं आणि मग टाइम_एनएस() चाललं, तर तो टाइमस्टॅम्प संदेश आल्याचा नाहीच, तुमचा कोड तिथवर पोहोचल्याचा आहे. या वाटेत दहा-वीस मायक्रोसेकंदांपासून कित्येक मिलिसेकंद सहज जातात. निदान सॉकेटमधून वाचल्याबरोबर, पार्सिंगच्या आधी वेळ घ्या. संदेश यूडीपीवर येत असतील तर लिनक्समध्ये सॉकेटला एसओ_टाइमस्टॅम्पएनएस हा पर्याय लावा. मग रेसीव्हएमएसजीच्या सोबतच्या माहितीत कर्नलने पॅकेट स्वीकारतानाची वेळ मिळते. कार्ड साथ देत असेल तर एसओ_टाइमस्टॅम्पिंगने थेट हार्डवेअरची वेळही घेता येते. ‘ईथटूल -टी’ ही आज्ञा कार्ड काय देतं ते सांगते.

आता काउंटरबद्दल, कारण काही मशीनवर खरा घोटाळा तिथे असतो. आजच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरमध्ये टीएससी नावाचा काउंटर प्रोसेसरची गती बदलली तरी ठरलेल्या वेगाने मोजत राहतो. लिनक्स तो वापरत असेल तर क्लॉक_गेटटाइम कर्नलमध्ये न शिरताच उत्तर देतं आणि एका कॉलला साधारण २० ते ५० नॅनोसेकंद लागतात. पण टीएससी भरवशाचा नाही असं कर्नलला वाटलं तर ते एचपेट किंवा एसीपीआय_पीएम या मंद काउंटरांकडे वळतं. तिथे एकेका कॉलला मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ जातो, शिवाय पाऊलही मोठं. /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/ या फोल्डरमधली करंट_क्लॉकसोर्स फाइल वाचा. तिथे टीएससी नसेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) त्याबद्दलची ओळ शोधा. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. असेंब्लीतून आरडीटीएससी या सूचनेने टीएससी थेट वाचायचा सल्लाही कुठेतरी मिळेल. मी तो देणार नाही. प्रोसेसर सूचना मागेपुढे चालवतो, त्यामुळे सोबत एलफेन्स किंवा आरडीटीएससीपी लागतं. टिकचे नॅनोसेकंद करायचं गणितही आपल्याच माथी येतं, आणि वाचतात फार तर दहा-वीस नॅनोसेकंद.

एक चाचणी कोणत्याही भाषेत दोन मिनिटांत होते. वेळ वाचणारं फंक्शन दहा लाख वेळा लागोपाठ चालवा. लागून आलेल्या दोन आकड्यांतला शून्य नसलेला सर्वांत लहान फरक नोंदवा, शून्य फरक किती वेळा आला ते मोजा आणि एकूण वेळेला दहा लाखांनी भागा. पहिला आकडा पाऊल किंवा कॉलची किंमत यापैकी जे मोठं असेल ते दाखवतो, तिसरा फक्त कॉलची किंमत. शून्यांची संख्या भरमसाट आली तर पाऊल मोठं आहे हे उघड झालं. सगळे फरक १०० च्या किंवा १००० च्या पटीत आले तर उरलेले अंक शोभेचे समजा.

बाकीच्या भाषांबद्दल आवश्यक तेवढंच. जावात इन्स्टंट.नाउ() आठव्या आवृत्तीत मिलिसेकंदांपर्यंतच जायचं, नवव्यापासून मायक्रोसेकंद आणि पंधराव्यापासून लिनक्सवर नॅनोसेकंद मिळतात. कालावधीसाठी सिस्टिम.नॅनोटाइम() घ्या. त्याचा शून्यबिंदू मनमानी असतो, म्हणून दोन जेव्हीएममधले आकडे एकमेकांतून वजा करू नका आणि तुलना ‘टी१ < टी०’ अशी न करता ‘टी१ - टी० < ०’ अशी करा, म्हणजे ओव्हरफ्लो झाला तरी उत्तर बरोबर येतं. सी++ मध्ये हाय_रिझोल्यूशन_क्लॉक नावावर जाऊन घेऊ नका. जीसीसीच्या लायब्ररीत ते सिस्टिम_क्लॉकचंच दुसरं नाव आहे, मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत स्टेडी_क्लॉकचं. म्हणजे तोच कोड एका ठिकाणी मागे जाऊ शकतो आणि दुसरीकडे नाही. कालावधीला सरळ स्टेडी_क्लॉक लिहा. रस्टमध्ये इन्स्टंट आणि सिस्टिमटाइम हे प्रकारच वेगळे आहेत आणि सिस्टिमटाइमची वजाबाकी मागे गेली तर एरर मिळते. मला ही रचना सगळ्यांत प्रामाणिक वाटते. नोडमध्ये प्रोसेस.एचआरटाइम.बिगइंट() आहे. ब्राउझरमधलं परफॉर्मन्स.नाउ() मात्र २०१८ मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधला सुरक्षेचा दोष उघडकीला आल्यापासून मुद्दाम भरड केलेलं आहे. मानकानुसार ते साधारण १०० मायक्रोसेकंद आणि क्रॉस-ओरिजिन आयसोलेशन असलेल्या पानांना ५ मायक्रोसेकंद, त्यामुळे तिथे नॅनोसेकंदांचा आग्रह सोडा.

लिनक्सवरचं क्लॉक_मोनोटॉनिक मशीन झोपलेलं असतानाचा वेळ धरत नाही, तो हवा असेल तर क्लॉक_बूटटाइम घ्या. आणि ज्यांच्या नावात कोर्स (coarse, म्हणजे भरड) आहे ती घड्याळं या कामाला नकोत. कर्नलचे टिक सेकंदाला २५० असतील तर ती चार-चार मिलिसेकंदांनी सरकतात.

तुम्हाला भिंतीवरची वेळही हवी आहे आणि ती मागे गेलेली चालत नाही. त्यासाठी नांगर टाकायची पद्धत वापरा. सुरुवातीला पर्फ_काउंटर_एनएस(), टाइम_एनएस() आणि पुन्हा पर्फ_काउंटर_एनएस() असं ओळीने वाचा. हे दहा वेळा करा आणि ज्या खेपेत पहिल्या-तिसऱ्या आकड्यात सर्वांत कमी अंतर असेल तीच ठेवा, कारण त्या खेपेत मधे कोणी व्यत्यय आणलेला नाही. मधल्या वेळेतून त्या दोन काउंटरांची सरासरी वजा केली की नांगराचा आकडा मिळतो. पुढे प्रत्येक टाइमस्टॅम्प म्हणजे नांगर अधिक चालू काउंटर. जुन्या पायथॉनसह विंडोजवर असाल तर टाइम_एनएस() चा आकडा बदलेपर्यंत लूपमध्ये थांबा आणि बदलल्या क्षणी नांगर टाका, नाहीतर १५ मिलिसेकंदांपर्यंतची चूक सुरुवातीलाच आत शिरते.

नांगर कायमचा ठेवू नका. घड्याळाला ताल देणारा क्रिस्टल २० पीपीएमने (दहा लाखांत २० भाग) चुकत असेल तर दिवसाला १.७ सेकंदांचा फरक पडतो, मिनिटाला १.२ मिलिसेकंदांचा. लिनक्सच्या मोनोटॉनिक घड्याळाला एनटीपीकडून गतीची दुरुस्ती मिळत राहते, विंडोजच्या काउंटरला मिळत नाही. मिनिटाला एकदा नवा नांगर घेतलात तर बहुतेक कामांना पुरतं. नव्या नांगराने वेळ मागे जात असेल तर शेवटच्या दिलेल्या टाइमस्टॅम्पमध्ये एक नॅनोसेकंद मिळवून द्या आणि खरी वेळ गाठेपर्यंत तसंच चालू ठेवा.

साठवताना अंक कुठे हरवतात ते पाहा. नॅनोसेकंदांचा १९ अंकी पूर्णांक जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये गेला की तो २५६ च्या पटीत गोल होतो. तेव्हा जेसनमध्ये तो स्ट्रिंग म्हणून पाठवा. मायक्रोसेकंद मात्र नंबरमध्ये नीट बसतात. मायएसक्यूएलमध्ये नुसतं डेटटाइम लिहिलं तर अपूर्णांक राहतच नाही आणि वेळ जवळच्या सेकंदाला गोल होते, म्हणजे नोंद चक्क पुढच्या सेकंदात जाऊ शकते. डेटटाइम(६) लिहावं लागतं. पोस्टग्रेस मायक्रोसेकंदांवर थांबतं, मोंगोची तारीख मिलिसेकंदांवर. नॅनोसेकंद खरोखर हवे असतील तर बिगइंटचा रकाना घ्या, तो २२६२ सालापर्यंत पुरतो. मजकूर म्हणून साठवत असाल तर अंकांची संख्या कायम ठेवा. पायथॉनचं आयसोफॉरमॅट() मायक्रोसेकंद शून्य असले की अपूर्णांकच गाळतं, आणि दहा लाखांत एखाद्या नोंदीवर पार्सर अडखळतो. टाइमस्पेक ‘मायक्रोसेकंड्स’ दिलं की हे थांबतं. जावाचं इन्स्टंटसुद्धा छापताना गरजेप्रमाणे शून्य, तीन, सहा किंवा नऊ अंक देतं. अशा मजकुरांची अक्षरक्रमाने मांडणी केली तर ०५.१२३झेड हे ०५झेडच्या आधी येतं, कारण टिंबाचा कोड झेडपेक्षा लहान आहे.

राहिला दोन मशीनमधला ऋण विलंब. एका मशीनची वेळ दुसऱ्यातून वजा केली की हाती येतो तो प्रवासाचा वेळ अधिक दोन घड्याळांतला फरक. संदेश २०० मायक्रोसेकंदांत पोहोचत असेल आणि घेणाऱ्या मशीनचं घड्याळ एका मिलिसेकंदाने मागे असेल, तर ऋण उत्तर येणारच. इंटरनेटवरच्या एनटीपीने काही मिलिसेकंदांपर्यंतची एकवाक्यता मिळते. त्याच लॅनमधल्या चांगल्या सर्व्हरवर ती दहा-शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात येते. मायक्रोसेकंदाच्या आत यायचं असेल तर पीटीपी (एनटीपीपेक्षा अचूक वेळ जुळवायची पद्धत) आणि हार्डवेअर टाइमस्टॅम्प देणारी कार्डं दोन्ही लागतात. लीप सेकंद दिवसभरात पसरवणारे सर्व्हर आणि न पसरवणारे सर्व्हर एकाच यादीत मिसळू नका. लीप सेकंद घालायची पद्धत २०३५ पर्यंत बंद करायचं २०२२ मध्ये ठरलं आहे, पण जुन्या नोंदी तशाच राहतात. विलंबच मोजायचा असेल तर जावाकडून पायथॉनला उलट पोच पाठवा आणि जाऊन-येऊन लागलेला वेळ एकाच मशीनच्या मोनोटॉनिक घड्याळावर मोजा. त्याचा अर्धा घेणं हे दोन्ही दिशांना सारखाच वेळ लागतो या गृहीतकावर अवलंबून आहे, तेवढं लक्षात असू द्या.

प्रत्येक नोंदीत मशीनचं नाव, वाढता क्रमांक, नॅनोसेकंदांचा पूर्णांक आणि त्या वेळच्या घड्याळाच्या चुकीची मर्यादा असे चार रकाने ठेवा. ही मर्यादा ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ या आज्ञेच्या उत्तरातून काढता येते: रूट डिलेचा अर्धा भाग, रूट डिस्पर्शन आणि सिस्टिम टाइमचा चिन्ह सोडून घेतलेला फरक यांची बेरीज. दर मिनिटाला ती एकदा वाचून ठेवली तरी चालतं. मग वजाबाकी ऋण आली की दोन्ही मशीनच्या मर्यादांची बेरीज करा. उत्तर तिच्या आत बसत असेल तर कोडमध्ये दोष शोधत बसू नका, बाहेर जात असेल तर त्या नोंदीपासून शोध सुरू करा.